रातपाळीचे प्राणी

आमच्या चाळीतल्या पोरांना कोणीतरी सरळसरळ फसवलं आहे. ‘रात्री सगळं जग झोपतं’ असं सांगून. आणि हे कुठे, तर भोईवाड्यात, जिथे एकाआड एका खोलीतलं माणूस रात्रीच कामाला निघतं.

ही फसवणूक थांबवायची, असं मी एका रविवारी ठरवलं. दुपारी गॅलरीत सतरंजी टाकली, निशाचर प्राण्यांची चित्रांची पुस्तकं मांडली. बायकोची, मानसीची, एकच अट होती. ती नर्स. नाईट करून आलेली, संध्याकाळी पुन्हा ड्युटी.

“पाचच्या आत मला कोणी उठवलं, तर पुस्तकं रद्दीत आणि तू गच्चीवर.”

नऊ पोरं जमली. “निशाचर म्हणजे कोण?” मी विचारलं.

“राक्षस, अजितदादा,” सात वर्षांची आरोही म्हणाली.

(मराठी भाषा ऐन वेळी अशी दगा देते.)

शेजारच्या दारात बसलेले बुधाजी आजोबा, जुने गिरणी कामगार, म्हणाले, “अरे, रातपाळीवाले म्हण की.”

झालं. घुबड रातपाळीला, वटवाघूळ रातपाळीला, उदमांजरसुद्धा. पोरं अशी रंगली की माझी छाती फुगली. “दिवसा ते गुपचूप झोपतात,” मी सांगितलं, “आपल्या अगदी जवळ. शोधणारा पाहिजे.” आणि भिंतीला टेकून जरा डोळे मिटले. (चिंतनासाठी.)

उघडले तेव्हा सतरंजी रिकामी होती.

सगळी पोरं आमच्या खोलीत, पलंगाभोवती. आरोहीच्या हातात माझाच मोबाइल, टॉर्च चालू.

“डोळे चमकत नाहीत,” एकजण कुजबुजला.

“अजून उघडले कुठेत.”

उघडले. चांगलेच चमकले. मला गच्ची दिसू लागली.

“वहिनी,” आरोही शांतपणे म्हणाली, “घुबड रात्री उंदीर पकडतं. तू काय पकडतेस?”

मानसीनं आधी पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग उशी मांडीवर घेतली. “सलाईन काढून पळणारे पेशंट,” ती म्हणाली. आणि पुढचा तासभर वॉर्डातल्या रात्री सांगत बसली. पोरं हलली नाहीत. रात्री जग झोपत नाही, हे नऊ जणांना एका दुपारी कळलं. मी दारात ताठ उभा होतो. शेवटी अभ्यासक्रम माझा होता.

“वहिनी रात्री कामाला जाते म्हणून दिवसा झोपते,” आरोहीनं हिशेब लावला. “अजितदादा रात्रीपण झोपतो, दिवसापण. तो कुठल्या पाळीत?”

बुधाजी आजोबा आपल्या दारातून म्हणाले, “तो संपावर आहे, पोरी.”