निकालाआधीचा फोटो

अंगावर काळा गाऊन चढवलेल्या सोळा वर्षांच्या पोराला दिगूशेठ म्हात्रे 'साहेब' म्हणतो, आणि त्या पोराच्या बापाला 'ए, लाइटमधनं सरक'. बाप बँकेत मॅनेजर असो, नाहीतर एमआयडीसीतली शिफ्ट संपवून तसाच आलेला असो, त्याच्या वाट्याला 'ए'च येतं. गाऊन उतरवून हुकाला टांगला, की साहेबांचंही लगेच 'पोरा, जाताना पंखा बंद कर' होतं. मला गाऊन घालायची वेळच आली नाही, त्यामुळे इतक्या वर्षांत माझं नाव त्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. मी 'पार्लर'. "ए पार्लर, तुझ्या गिऱ्हाइकाची स्कूटी माझ्या दारात हाय."

माझं ब्यूटी पार्लर आणि त्याचा फोटो स्टुडिओ यांच्यात एक भिंत आहे. अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या रस्त्यावर. पालेगावात त्याची वाडवडिलांची भातशेती होती. तिच्यावर आता टॉवर उभे आहेत आणि त्या व्यवहारात त्याला हे दोन गाळे मिळाले. एकात तो बसतो, दुसरा मला भाड्यानं दिलाय. म्हणून तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे करायचं काही कारण नाही.

पूर्वी तो हळदी आणि लग्नांचे फोटो काढायचा. मग बदलापूरची पोरं ड्रोन घेऊन आली, नवरा-नवरीला पळवत, हसवत, धुरातून चालवत फोटो काढायला लागली आणि दिगूशेठला कुणी विचारेना. तेव्हा त्यानं ही टूम काढली. पाटी लावली: 'पर्सनल ग्रॅज्युएशन शेशन. दहावी, बारावी, डिप्लोमा. प्रत्येकाचा वेगळा.' दहावीचं पोर आणि ग्रॅज्युएट! मी एकदा म्हटलंसुद्धा, "अहो दिगूशेठ, ग्रॅज्युएशनला अजून पाच-सहा वर्षं आहेत त्यांच्या." त्यावर म्हणाला, "पुढं कोण जातो, कोण नाय जात, मला कुणी लिहून दिलंय? आज घालून घेऊ दे." मी मनात म्हटलं, वा, धंदा करायचा आणि वर तत्त्वज्ञान सांगायचं.

त्या गाऊनबद्दल तर बोलायलाच नको. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात त्यानं तो शिवून घेतलाय. त्या लोकांना दुसरं काही शिवता येत नाही, त्यामुळे गाऊनला पिवळ्या दोऱ्याची डबल शिलाई आहे आणि गळ्याशी पितळी बटण. एकच गाऊन, सगळ्यांना. बारीक पोराला मागून कपड्यांचे चिमटे लावतात, जाड्याला मागून उघडा ठेवतात. टोपी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची, तिला लोंबणारा गोंडा पडद्याचा. हातात जी गुंडाळी देतात ती कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका असते. मागच्या पडद्यावर परदेशातलं कुठलंसं खांबांचं कॉलेज, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात जुन्या लग्नाच्या सेटमधलं अर्धं कमळ, जे झाकायची तसदी त्यानं आजवर घेतलेली नाही.

आता यात पर्सनल काय, तर मुलाखत. फोटोआधी तो पोराला स्टुलावर बसवतो, आईबापांना बाहेर काढतो आणि विचारतो, "साहेब, तुमाला काय येतं?" काय व्हायचंय, असं नाही. काय येतं. आता या वयाच्या पोरांना काय येतं? त्यांना मोबाइल येतो. एक मुलगा गिटार घेऊन आला होता. "वाजवता का?" "नाही, शिकणार आहे." "मग शिकून आणा." गिटार बाहेर बापाच्या मांडीवर गेली. अर्ध्या तासानं त्या मुलाच्या तोंडून निघालं की त्याला पोळ्या लाटता येतात, कारण आईची हॉस्पिटलात ड्युटी असते. दिगूशेठनं बापाला स्कूटरवर घरी पिटाळून लाटणं मागवलं. पोराचा गाऊनमधला फोटो, टोपी घातलेली, चेहरा गंभीर आणि हातात लाटणं. आईनं फोटो पाहून डोक्यालाच हात लावला. मला हसून हसून ठसका लागला.

माझा खरा राग निराळा आहे. मुली त्याच्याकडे जायच्या आधी माझ्याकडे येतात. मी आयब्रो करते, केस सेट करते, हलका मेकअप करते, अगदी हलका. आणि हा माणूस त्यांना मागच्या नळावर नेऊन तोंड धुवायला लावतो. "मॅडम, पहिलं तोंड धुवा. कागदावर तुमी पायजे, पार्लर नको." भिंतीपलीकडून मला नळाचा आवाज ऐकू येतो. माझी एक तासाची मेहनत गटारात जात असते आणि मी इकडे दुसरीच्या भुवयांवर दोरा फिरवत असते. कधीकधी त्या रागात दोरा जरा जोरात फिरतो.

शिवाय त्याचा एक नियम. फोटो काढायचा तो निकालाच्या आधी. परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंत सीझन, निकालाच्या दिवशी गाऊन धुवायला. नंतर कुणी नव्वद टक्के घेऊन आला तरी नाही. "निकाल लागला का तोंडावर टक्के येतात. ते पुसायला माझ्याकडं नळ नाय." हे तो अशा थाटात सांगतो की ऐकणाऱ्यानं टाळ्या वाजवाव्यात. मला त्यातलं गणित केव्हाच कळलं होतं. निकालानंतर निम्मी पोरं तोंड लपवतात, ती गाऊन घालायला येतील का? आधीच उरकून घेतलं की सगळेच गिऱ्हाईक. माणूस बेरकी आहे, उगाच नाही जमिनीचा व्यवहार जमवला, असं मी शेजारणींना सांगायचे.

आणि ते शोकेस. रस्त्याकडे तोंड करून काचेची पेटी, आत ट्यूबलाइट, चार-पाच मोठाले फोटो, सगळे गाऊनमधले. दर वर्षी निकालानंतर त्यातला एखादा बदलतो. तिथे लागलेली पोरं म्हणजे त्या-त्या वर्षीचे हुशार, असं सगळ्या रस्त्याचं मत होतं आणि दिगूशेठनं ते कधी खोडून काढलं नाही. एका डॉक्टरच्या मुलाला खूप मार्क पडले, तर डॉक्टर स्वतः सांगायला आले की आमच्या चिरंजीवांचा फोटो लावा. त्यांना म्हणाला, "का? तुमच्या घरात भिंत नाय?" एवढा उर्मटपणा. सायली, म्हणजे माझी मुलगी, तिला मी येता-जाता ते शोकेस दाखवायचे. ही मुलगी बघ बदलापूरची, रोज तिथून क्लासला येत होती. हा चष्मेवाला बघ, बघूनच कळतंय. ती मान हलवायची.

यंदा सायली बारावीला होती, कॉमर्सला. सगळ्या मैत्रिणी फोटो काढून आल्या, म्हणून तीही गेली. तिच्याबरोबर मी कॅलक्युलेटर घेऊन गेले, कारण तिला सीए व्हायचंय. म्हणजे तसं आमचं ठरलंय. दिगूशेठनं कॅलक्युलेटर माझ्या हातात परत दिला. "पार्लर, बाहेर." मी बाहेर बसले. तासाभरानं ती तोंड धुतलेली, केस साध्या क्लिपनं बांधलेली अशी बाहेर आली. फोटो आठवड्यानं पाहिला तर तिच्या हातात काहीच नाही. दोन्ही हात नुसते समोर एकावर एक. मी म्हटलं, "अहो, हिचं पर्सनल कुठंय?" तो म्हणाला, "त्या बोलल्या, काय येतं ते अजून ठरायचंय. मग खोटं कशाला देऊ हातात?" मी फोटो तिथेच ठेवला. म्हटलं, निकाल लागला की नेते.

निकाल लागला. सायली अकाउंट्समध्ये नापास. संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा तिनं सांगितलं, ओट्यापाशी उभी राहून, चहा गाळता गाळता. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. कोणतीही आई बोलेल तेच, जरा जास्त. नंतर ती आतल्या खोलीत गेली आणि जेवायला उठली नाही. मीही बोलवायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायला आले तर शोकेसमध्ये, अगदी मधोमध, सायली. काळा गाऊन, पिवळी शिलाई, पुठ्ठ्याची टोपी, रिकामे हात, आणि वर भर दिवसा ट्यूबलाइट चालू. मी कुलूप हातात घेऊन तशीच उभी राहिले. मागून शिंदेबाई आल्या, माझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक. "अगं, आमच्या लक्षातच नाही. पेढे कुठायत?" मी म्हटलं, आणते. दुसरं काय म्हणणार होते? मग समोरचा मेडिकलवाला रस्ता ओलांडून आला, हात जोडून. "कॉमर्सला ना? बघूनच कळतंय." त्याच्याशीही हसले. माझी पोर घरात अन्नाला शिवत नाही आणि इथे रस्त्यात तिचा सत्कार चाललाय. उद्या कुणीतरी तिलाच गाठून मार्क विचारेल, ती काय करेल? आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला अहो म्हणायचं नाही असं ठरवून त्याच्या दारात शिरले. आत गेल्यावर मात्र तोंडातून अहोच आलं.

"अहो, तो फोटो काढा."

दिगूशेठ धुतलेला गाऊन घडी करत होता. "कुठला?"

"कुठला काय विचारता? सायलीचा. ती नापास झालीय. कळलं? नापास. सगळा रस्ता पेढे मागतोय माझ्याकडे."

"ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"नापास झाली ते. म्हणून तर लावला."

मी म्हटलं, लाज वाटत नाही का. पोरीचा तमाशा करता. भाडं देते मी, फुकट बसत नाही. आणखीही बरंच म्हटलं, मुलाखतीवरून, नळावरून, साठलेलं सगळं. घडी झाली, तो गाऊन कपाटात ठेवून आला, आणि मला म्हणाला, "बाहेर चल."

शोकेससमोर आम्ही दोघं उभे राहिलो. त्यानं काचेवर बोट ठेवलं. "हा चष्मेवाला, दोन वरसं झाली. फिजिक्स आणि गणित. हिकडं ही बदलापूरची, तीन विषय. हा खालचा दहावीला दोनदा बसला. पास झाल्यावर येऊन फोटो घेऊन जा बोललो, तर बोलतो राहू दे, हितं बरा दिसतोय."

मी चष्मेवाल्याकडे बघत राहिले. तोच हुशार चेहरा.

"पास झालेल्याचा फोटो घरचे नेतात," दिगूशेठ म्हणाला. "दुसऱ्या दिशीच नेतात. टीव्हीच्या वर लावतात. नापास झालेल्याचा कोण न्यायला येत नाय. फोन केला तर बोलतात, फाडून टाका. मी काढलेला फोटो मी कशाला फाडू? चांगला आलेला असतो. त्यांना घरात भिंत नाय मिळाली, तर माझी हाय."

"म्हणून न विचारता लावायचा?"

"विचारल्याबिगर लावत नाय. त्यांना विचारलं."

"कुणाला?"

"सायली मॅडमना. काल दुपारी. निकाल बघितला आन् आल्या. बसल्या तासभर स्टुलावर. मी चहा मागवला, तो नाय घेतला, पाणी घेतलं. मग मलाच विचारलं, माझ्या फोटोचं आता काय करणार? मी बोललो, आई नेईल तुमची. त्या बोलल्या, नाय नेणार." त्यानं काचेवरचं बोट काढलं. "तू आज न्यायला नाय आलीस. काढायला आलीस."

या माणसाचा मला आतासुद्धा राग येतो, तो त्या वाक्याचा. खरं बोलायचं तर जरा घोळवून बोलावं, एवढी रीत तरी माणसाला हवी. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पदरानं पुसलं. मग त्याचं 'काल दुपारी' एकदम माझ्या डोक्यात शिरलं. दुपार. मला तर संध्याकाळी कळलं, घरी, चहा गाळताना. दुपारी मी इथेच होते, या भिंतीच्या अलीकडे.

"दुपारी?" मी विचारलं. "इथे आली होती? मग माझ्याकडे का नाही आली आधी?"

दिगूशेठनं माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून फडकं काढलं आणि काच पुसायला लागला, सायलीच्या फोटोवरची.

"आली होती तुझ्या दारापत्तर," तो म्हणाला. "तुझ्याकडं गिऱ्हाईक होतं. म्हणून मग माझ्याकडं आली."

काल दुपारभर माझ्याकडे एकही गिऱ्हाईक नव्हतं. मी पंख्याखाली एकटी बसले होते.