योहान कंपाउंडरचं ध्यान

उघड्या खिडकीत बसून स्वतःच स्वतःच्या थोबाडीत मारून घेणारा माणूस आमच्या बुऱ्हाणपूरच्या शनवारा मोहल्ल्यात एकच होता. मिशनच्या दवाखान्यातला योहान कंपाउंडर. रोज सकाळी तो आमच्या समोरच्या खिडकीत गुडघे टेकी, डोळे मिटी आणि सुरू करी, "हे दयाळू बापा, या लेकराकडं बघ..." तेवढ्यात रस्त्यावर जिलेबीवाला ओरडे. आधी योहानचं नाक वळे, मग मान वळे, मग एक डोळा उघडे. की लगेच गालावर फटकन! "ध्यान किधर गेलं रे, योहान?" आणि प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून.

मधूनच उचलून पुढं जायचं नाही हा त्याचा नेम. जिलेबी, बकरी, टांगा, पतंग अशी वाट काढत बिचारा आमेनपर्यंत पोचे तेव्हा दवाखान्यातला गोरा साहेब घड्याळ बघत उभा असे.

आता हिंदीत ध्यान म्हणजे लक्ष. आम्हा मराठी माणसांत ध्यान म्हणजे ज्याला बघून हसू आवरत नाही असा प्राणी. बुऱ्हाणपुरात दोन्ही भाषा एकाच घरात नांदतात, तेव्हा गल्लीनं त्याचं नावच 'ध्यान' पाडलं, यात गल्लीचा काही दोष नाही. "तुमचं ध्यान आलंय हो दारात," असं आमची ही आतून मोठ्यानं सांगे. योहानला राग माहीत नव्हता. "बराबर आहे वहिनी," तो म्हणे, "नाव तरी टिकलंय. ध्यान टिकत नाही."

उपाय त्यानं कमी केले नाहीत. दवाखान्यातला कापूस कानात कोंबला, तर हा कापूस इथला की विलायती याचाच विचार करत बसला. डोक्यावरून घोंगडी घेतली, तर झोप लागली आणि स्वतःच्याच घोरण्यानं दचकून उठला. त्या दिवशी दोन्ही गालांवर बसल्या.

"अहो, मागच्या खोलीत बसा की," मी एकदा म्हटलं. "तिथं चिटपाखरूही नाही."

"तिकडं ढेकूण फार," असं म्हणून त्यानं विषय बदलला. घर इतकं लख्ख, की ढेकूण औषधालाही सापडला नसता.

खिडकी न सोडण्याचं कारण बाजाराच्या दिवशी कळे. योहान मूळचा जवळच्याच निंबोला गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. तिथं त्याचं नाव भिका. त्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा आईनं "माझा भिका मेला" असं म्हटलं आणि बोलणं टाकलं. दर बाजाराला ती म्हातारी केळ्यांची पाटी घेऊन आमच्याच गल्लीतून जाई. खिडकीतून योहान बघतोय असं दिसलं, की पदर पुढं ओढून भरभर पाय उचली. त्या दिवशी त्याची प्रार्थना काही पुरी होत नसे, आणि गाल संध्याकाळपर्यंत लाल राहत.

"भाऊ, देवासमोर बसतो आणि वाट आईची बघतो," तो मला एकदा म्हणाला. "म्हणजे मी दोघांशीही बेइमान झालो ना?"

मी पडलो रेल्वेतला कारकून. एखाद्या बाजाराला रजा टाकून इथंच बसायचं, एवढंच मला सुचलं.

मग उन्हाळ्यातला एक बाजार. मी रजा घेऊन ओट्यावर बसलो होतो. समोर योहान डोळे मिटून बसलेला. जिलेबीवाला ओरडत गेला, त्याची पापणी हलली नाही. एका बकरीनं खिडकीतली त्याची टोपी चघळायला घेतली, तरी हा गप्प. "अगं, बाहेर ये," मी हिला हाक मारली, "ध्यानाचं ध्यान लागलंय!"

बकरीला हाकलायला उठलो, तेव्हा बकरीच्या पलीकडं म्हातारी दिसली. पाटी खाली ठेवून ती खिडकीपाशी उभी होती. पदर मागं सरकला होता आणि ती लेकाकडं टक लावून बघत होती. मी त्याला हाक मारणार, तोच तिनं हात वर केला आणि आपल्या गावच्या बोलीत म्हणाली,

"राहू दे, भाऊ. त्याचं देवाचं चालू शे."

मग स्वतःशीच म्हणाली, "किती वाळला शे!"

पुष्कळ वेळ ती उन्हात उभी राहिली. शेवटी केळ्यांची एक फणी खिडकीत ठेवली, पाटी उचलली आणि गेली.

मी धावतच पलीकडं गेलो. मला खरंच संताप आला होता. "अहो कंपाउंडर! जन्मभर डोळे उघडे ठेवलेत आणि आजच नेमके मिटून बसलात? आई येऊन गेली तुमची!"

त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. गाल ओले झाले होते.

"गेली का?" त्यानं हळूच विचारलं.

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"गल्लीच्या तोंडाशीच ओळखली, भाऊ. तिच्या पायांतल्या वाळ्यांचा आवाज मला ठाऊक आहे." त्यानं डोळे उघडले आणि केळ्यांवर हात ठेवला. "मी बघितलं असतं तर ती थांबली नसती. म्हणून आमेन म्हणायचं लांबवत बसलो."