विजयाच्या बाजूचा गोळा

दौलतगंजात माझ्याइतकी गाडीची जाण कुणालाच नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! गाडी माझी जुनी, फ्रेंच. तिला स्प्रिंगा नाहीतच. प्रत्येक चाकावर तेलाचा दाब आणि त्याला जोडलेला, गॅस भरलेला लोखंडी गोळा. पुस्तकात त्याला ॲक्युम्युलेटर म्हणतात, आमच्या घरी गोळाच. इंजिन चालू केलं की बसलेली गाडी म्हशीसारखी आधी मागून उठते, मग पुढून, आणि रस्त्यावर अशी तरंगते की विचारू नका!

म्हणजे, तरंगायची. हळूहळू गोळ्यांतला गॅस निघून गेला आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात पोचू लागला. त्यातच आमच्या विजयाबाईंची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, आता बरी आहे, हिंडाफिरा. पण ती धसकाच घेऊन बसलेली.

"मुरारला माझ्या शांताताईकडे जायचंय हो," ती म्हणाली, "पण तुमच्या त्या गाडीतून नाही. त्यापेक्षा मी घरीच बरी."

दिवाळीपासून बाई उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. आणि शेजारची सीट रिकामी ठेवून गाडी चालवण्यात मला काडीची मजा येत नाही, खरं सांगतो.

"सगळे गोळे बदलतो!" मी गरजलो. "रविवारी तू फुलासारखी मुरारला पोचशील!"

आधी तपासणी. इंजिन चालू करून एकेक कोपरा दाबून पाहिला. गोळा चांगला असला तर गाडी डुलते. आमची हलेना! आमचे इथल्या हिंदीत वाढलेले चिरंजीव, नाव तरुण, म्हणाले, "बाबा, ये तो किले की दीवार है!"

नवे गोळे आले. हिरवेगार, खरबुजाएवढे.

"नवी वस्तू पूजेशिवाय लावायची नाही," विजयानं बजावलं. पाटावर गोळे मांडले. हळदकुंकू, फुलं, अक्षता. तेवढ्यात शेजारचे माधवराव आले, त्यांनी चपला काढल्या आणि पाटापुढे चक्क साष्टांग!

"कुठल्या तीर्थाहून आणले?"

"कुरिअरनं आले," मी म्हणालो.

मग अंगणात कामाला लागलो. जुने गोळे काढण्याआधी तेलाचा दाब सोडावा लागतो, आणि त्याआधी गाडीखाली विटा रचाव्या लागतात. मला ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं! फक्त रचल्या नव्हत्या. दाब सोडला, फुस्स झालं, आणि गाडीनं माझ्या चपलेवर बसकण मारली.

"बाबा, गाडी बैठ गई!" तरुण ओरडला.

विजया स्वयंपाकघरातून पळत आली. पळत! गाडीखालून डोकावणारी माझी चप्पल पाहिली आणि किंचाळली, "अहो!"

"मी इकडे आहे गं," मी गाडीच्या मागून अनवाणी पुढे आलो. तिनं माझा दंड घट्ट धरला. कितीतरी वेळ सोडेचना. मग म्हणाली, "आता तुम्ही खाली जायचं नाही."

पहार लावून, माधवरावांना जुंपून गाडी उचलली, विटा रचल्या, तरुणनं गोळे बसवले. इंजिन चालू. गाडी उठली! तीन कोपरे लोण्यासारखे. चौथा दगड! आणि तो नेमका विजया बसते त्या बाजूचा!

"फसवलं कंपनीनं!" मी कडाडलो. पुन्हा विटा, पुन्हा दाब सोडला, गोळा उतरवला. गोळ्याच्या तोंडाशी बारीक भोक असतं, तेल त्यातूनच ये-जा करतं. त्यात अक्षतांचे दाणे गच्च बसलेले!

"विजया! किती अक्षता वाहिल्यास?"

"मूठभर," ती खाली बघत म्हणाली. "गाडीखाली तुम्ही जाणार होतात ना. म्हणून वाहतच राहिले."

बोलायचं बरंच ठरवलं होतं. पण टाचणी घेतली आणि एकेक दाणा काढत बसलो.

रविवारी निघालो. गाडी अशी तरंगत होती! आता विजया 'वा!' म्हणेल, मग म्हणेल, म्हणून मी कान देऊन बसलो. फूलबाग मागे टाकून ठाटीपूरला आलो, बघतो तर तिचे डोळे मिटलेले, चेहरा निवांत. इतक्या महिन्यांत असा पाहिला नव्हता. शांताताईंचं दार आलं, पण तिला उठवायला मन होईना. तसाच पुढे गेलो, बाजाराला वळसा घालून परत आलो, पुन्हा पुढे. शांताताई दारात हात हलवतायत! शेवटी नाइलाजानं ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नका," डोळे न उघडताच विजया म्हणाली. "अजून एक चक्कर."

"तू जागी आहेस?"

"फूलबागेपासून."

"मग काही बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही गोळे समजावून सांगायला लागला असता."