पट्टीवाले गफूरभाई

गफूरभाई माणसाचं तोंड बघत नाहीत, आधी पाय बघतात. बिरवाडीत ते आमच्या शेजारी राहायला आले, त्या दिवशी मी त्यांच्याकडे पाण्याची कळशी घेऊन गेले. कळशी हातात घ्यायच्या आधीच म्हणाले, "वैनी, डावा गुडघा भांडतोय तुमचा."

मी म्हटलं, "तो माझ्यावर गेलाय."

माझ्या जिभेची कल्पना त्यांना तेव्हाच यायला हवी होती.

अठरा वर्षं आपण आखातात एका फुटबॉल क्लबात होतो, असं ते सांगायचे. तिकडून येताना लोक अत्तर आणतात, ब्लँकेटं आणतात. यांनी दोन खोके भरून पट्टी आणली. कापडाची, चिकट, रबरासारखी ताणणारी. खेळाडूंच्या पायांना लावतात ती. संपली की मुंबईहून मागवायचे. बायको वारलेली, मुलगी सासरी, घरात हे आणि पट्टी.

गळ्यात दोरीला कात्री. बादलीच्या कडीला पट्टी, छत्रीच्या दांडीला पट्टी, चष्म्याच्या काडीला पट्टी. एकदा आमचा बोकड लंगडला तर त्याच्या पायाला निळी पट्टी लावली. बोकडाने ती खाल्ली आणि नीट चालायला लागला. गफूरभाई म्हणाले, "गुण आला." कशाने आला ते बोकडालाच ठाऊक.

एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं. "ताण पट्टीला द्यायचा, माणसाला नाय." वीरच्या स्टेशनावर रिक्षावाल्याने चौथा माणूस कोंबला की हेच. शेजारच्या सासूसुना भांडल्या की हेच.

आमच्याकडे कारखान्यांत काम करणाऱ्या पोरांचा फुटबॉलचा संघ आहे. पाळी संपवून येतात नि मैदानात पळतात. रविवारी गफूरभाई मैदानाच्या कडेला चटई टाकून बसायचे. एकेक जण समोर पाय पसरायचा. पोटरीवरचे केस काढायचे, घाम पुसायचा, पट्टी मापून कापायची, कोपरे गोल करायचे, लावून झाली की तळव्याने घासायची. हे सगळं करताना प्रत्येकाला विचारायचे, "काय दुखतंय? कुठं दुखतंय?" दहा मिनिटं तरी सोडायचे नाहीत. गुलाबी पट्टी पोरं घेत नसत, म्हणून ती माझ्या गुडघ्याला. माझं दुखणं थांबलं नाही. पट्टीने पोरं जोरात पळायची का, तेही मला सांगता येणार नाही. संघाचा कप्तान नितीन म्हणायचा, "काकी, पाय हलका वाटतो." गफूरभाईंना विचारलं तर म्हणायचे, "पळतो तो माणूस. पट्टी नुसती सोबत हाय."

एकदा महाडहून रिक्षाने येताना शेजारी नाते गावची एक बाई बसली होती. तिचा मुलगा त्याच क्लबात कामाला होता. ती म्हणाली, "गफूरभाय? ते तर कपडे धुवायच्या खोलीत होते." मी ते कोणाला सांगितलं नाही. पण विसरलेही नाही.

पोलादपूरच्या संघाशी सामना होता. मी चटईजवळ उभी राहून पोरांना सूचना देत होते. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण गप्प बसवत नाही. गफूरभाई नितीनच्या पोटरीला पट्टी लावत हसत म्हणाले, "वैनींच्या गुडघ्याला पट्टी लावली, जिभेची पट्टी अजून कंपनीने काढली नाय."

पोरं खो खो हसली. मला ते झोंबलं. मी म्हटलं, "पोरांनो, पट्ट्या कसल्या लावून घेता? हे तिकडं तुमच्यासारख्यांच्या चड्ड्या धुवायचे."

आणखी हसू झालं. मागून एक जण म्हणाला, "भाई, मग जर्सी पण टाकू का धुवायला?"

गफूरभाईंनी नितीनची पट्टी पुरी लावली, घासली, आणि गळ्यातली कात्री काढून पिशवीत ठेवली. बाकीचे तसेच मैदानात गेले.

आणि जिंकले. दोन-एक. हरले असते तर बरं झालं असतं.

पुढचे दोन रविवार गफूरभाई घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी गुडघ्याची पट्टी मुद्दाम उपटून काढली आणि निमित्त करून त्यांच्याकडे गेले. त्यांनी काही न विचारता नवी लावली.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी वाईट बोलले."

"खोटं नाय बोललात," ते म्हणाले. "धुवायलाच होतो. पण मोज्यांना, चड्ड्यांना पट्ट्या चिकटून यायच्या. धुवायच्या आधी काढाव्या लागत. त्या बघून बघून शिकलो. कुठून कशी लावली असंल ते उलटं वाचायचं." मग म्हणाले, "पट्टीनं काय व्हतं ते मला पण म्हाईत नाय. तिथला पट्टीवाला एवढा मोठा माणूस, पण प्रत्येकाच्या पायाशी बसून इचारायचा, दुखतंय काय. मी दारातनं बघायचो. आमच्या खोलीत अठरा वर्षं कोणी इचारलं नाय."

मला मान वर करवेना. विचारलं, "तुमचं काय दुखतं?"

त्यांनी दाराकडे बघितलं आणि उजवं मनगट पुढे केलं. ओल्या कपड्यांच्या लोखंडी गाड्या ढकलून ते गेलं होतं. "ह्याला माझं मला लावता येत नाय," म्हणाले. "दोन हात लागतात."

मी लावली. परकराची नाडी ओढावी तशी ओढून लावली. ते म्हणाले, "छान लावलीत."

मग मी नितीनला गाठून सांगितलं, "मी बोलले तो माझा नीचपणा होता. रविवारी पाय घेऊन त्यांच्याकडे बस."

"पण काकी, पट्टीबिगर जिंकलो ना आम्ही."

"जिंकलात. तरी बस."

रविवारी गफूरभाई आले. मीही चटईजवळ होते. अकरांपैकी तिघेच बसले, पण बसले. नितीनची पोटरी घासताना गफूरभाईंच्या मनगटावरची माझी पट्टी कडेने उलगडली. खाली दोन्ही टोकांना पाण्याचे फोड आलेले होते. नितीनने विचारलं, "भाई, हे काय?"

"टोकाला ताण द्यायचा नसतो," ते हळू म्हणाले. "कातडी ओढली जाते." आणि बाही खाली ओढली. माझ्याकडे बघितलं नाही.

चार दिवस त्यांनी ती पट्टी तशीच ठेवली होती. आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे. त्या चार दिवसांत मी एकदाही विचारलं नव्हतं.