सहा नंबरच्या रकान्यात

जावई संघातून निघाला तर वाल्देमार पिंतोसचा फायदा काय होणार होता, याचा हिशेब आधी मांडलेला बरा. गेली तीन वर्षं क्लबच्या कँटीनमध्ये तो जे घसा फोडून सांगत होता, ते खरं ठरणार होतं. ‘मी म्हणालो नव्हतो?’ हे वाक्य त्याला मरेपर्यंत वापरता येणार होतं, आणि मोन्तेविदेओत पेन्शनीतल्या माणसाला याच्याहून मोठी इस्टेट नाही. शिवाय फारो क्लब पहिल्या विभागात टिकण्याची शक्यता, त्याच्याच आकडेमोडीनुसार, शंभरात अकरावरून एकोणीसवर जाणार होती. खर्चाच्या बाजूला बाब एकच होती. जावई.

फारोच्या बिल्ल्यावर दीपगृह आहे, आणि क्लबच्या बंदराकडच्या भिंतीवर तेच दीपगृह दोन मजले उंच रंगवलेलं आहे. जो खेळाडू फारोकडून दोनशे सामने खेळेल, त्याचं नाव त्या दीपगृहाच्या एका विटेवर लिहायचं, अशी रीत. सत्तर वर्षांत सात विटा भरल्या. लिबेर तेचेरा, डावा बॅक, अंगावर सहा नंबर, वय पस्तीस, याचे सामने झाले होते एकशे नव्व्याण्णव. मोसमाचा एक सामना उरला होता आणि लिबेरच्या कराराचाही तोच शेवटचा.

“संघ नव्यानं बांधायचाय ना?” वाल्देमार कँटीनमध्ये विचारायचा. थर्मास काखेत, हातातल्या पोकळ भोपळ्यात नळीनं ओढायचा येर्बाचा कडू काढा, आणि बोलायला लागला की ती नळी तोंडाऐवजी समोरच्याच्या छातीवर रोखलेली. “मग आधी कोच बदलणं बंद करा. पायजमे बदलावेत तसे कोच बदलताय. गोली विकून टाका, अजून दिसतंय त्याला तोवर. ते पुढचे दोघे भाऊ एकमेकांनाच पास देतात, त्यांना वेगवेगळ्या गावी पाठवा. आणि सगळ्यात आधी काढा तो सहा नंबर! पडक्या घरातलं कुजकं लाकूड आधी काढतात.”

“अहो दॉन वाल्देमार, तो तुमचा जावई ना?”

“म्हणूनच सांगतोय. मी त्याला जेवताना बघितलाय. मीठ मागितलं तर वळायलाच त्याला अर्धा मिनिट लागतो!”

त्याचं मत क्लबात सगळे ऐकायचे, मानायचं कुणी नाही. मान होता तो त्याच्या अक्षराला. बंदराच्या कचेरीत चौतीस वर्षं जहाजांच्या नोंदी करून त्याचा हात असा बसला होता, की दर शनिवारी कोचनं खरडलेली चिठ्ठी तोच घरी न्यायचा आणि उद्याच्या सामन्याची अधिकृत यादी छापील फॉर्मवर तीन प्रतींत लिहून द्यायचा. नऊ वर्षं. क्लबचा प्रतिनिधी ओरोस्मान विएरा न वाचता खाली सही करायचा. “वाल्देमारच्या अक्षरात वाचायचं काय?” तो म्हणायचा. “ते बघायचं असतं.”

त्या शनिवारी संध्याकाळी नवा कोच अरिस्मेंदी, मोसमातला चौथा, चिठ्ठी देताना त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, “दॉन वाल्देमार, तुमचं ऐकलं बरं का मी. सहा नंबरला पोरगा कासेरेस. लिबेर बाहेर. बाकड्यावरसुद्धा नाही.”

वाल्देमार कँटीनमध्येही थांबला नाही. चिठ्ठी खिशात घालून तो सरळ घरी गेला, याची नोंद तेव्हा कुणीच घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार, आणि तारीख एकोणतीस. एकोणतीस तारखेला घरोघरी बटाट्याचे न्योकी, म्हणजे उकडलेले छोटे गोळे, होतात, ताटलीखाली नशिबासाठी एक नाणं ठेवतात, आणि पिंतोसांच्या घरात त्या टेबलावर फुटबॉलचा विषय काढायचा नाही असा वाल्देमारच्या बायकोचा, इल्दाबाईंचा हुकूम असतो. नऊ वर्षांत लिबेर पहिल्यांदाच रविवारच्या जेवणाला मोकळा होता. त्याची बायको मारिएला, वाल्देमारची एकुलती एक लेक, डोळे सुजवून आली होती आणि बापाकडे बघत नव्हती.

“वाढ गं आई त्याला,” ती म्हणाली. “आता काय, खाऊ दे पोटभर. पळायचं थोडंच आहे.”

इल्दानं वाढलं. लिबेर मुकाट्यानं खाऊ लागला. दुःखात माणसाची भूक मरते म्हणतात, लिबेरची जागी झाली होती.

“पुरे कर आता,” पहिली ताटली संपताच वाल्देमार म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

“मी एकच खाल्ली, सासरेबुवा.”

“एक बस होते. उन्हाळा सुरू झालाय. जड पडतं.”

“म्हाताऱ्या, लाज नाही वाटत?” इल्दा कडाडली. “जावयाचा घास मोजतोस? संघातून काढायला लावलंस, आता टेबलावरूनही काढतोस?” आणि तिनं दुसरी ताटली पहिलीपेक्षा उंच रचली.

वाल्देमारनं वाईनची बाटली हळूच उचलून खुर्चीखाली ठेवली. मारिएलानं ती काढून परत टेबलावर आपटली. “पप्पा, तुम्ही इतके कोते असाल असं वाटलं नव्हतं.” लिबेरचा पेला भरला. तो म्हणाला, “जाऊ दे गं, म्हातारा माणूस आहे,” आणि पेला रिकामा केला. तिसरी ताटली आली तेव्हा वाल्देमारच्या कपाळावर घाम होता.

“म्हातारे, किती वाढशील!”

“तुझं काय जातंय? आणि तू घरात कसा आज? पाचला सामना आहे. तीस वर्षांत तीनच्या पुढे घरात टिकला नाहीस.”

“गुडघा दुखतोय.”

“कुठला?”

“दोन्ही,” वाल्देमार म्हणाला, आणि घड्याळाकडे बघितलं. चार वाजून दहा मिनिटं.

तेवढ्यात दारावर धक्का बसला. ओरोस्मान विएरा, एकशे दहा किलो, मैदानापासून चार गल्ल्या धावत आला होता आणि त्याच्या तोंडातून शब्दाऐवजी नुसती वाफ येत होती. त्यानं टेबलावरची बाटली उचलून दोन घोट घेतले. “लिबेर. चल. यादीत तू आहेस.”

“मी? काल तर मला घरी बसवलंत!”

“सहा नंबर, लिबेर तेचेरा. टपोऱ्या अक्षरात. मी सही केली, पंचांनी शिक्का मारला. कासेरेसचं नाव अख्ख्या कागदावर कुठं नाही. बिचारा मोजे घालून बसलाय.”

“दुसरं कुणी खेळवा की,” मारिएला म्हणाली.

“बाकड्यावर कोण आहे माहितीये? एक गोली आणि चार पुढचे! कोच म्हणतो दहा जणांत खेळू. मी म्हटलं, तू खेळशील, पण लोक मला इथं राहू देतील का?” मग तो वाल्देमारकडे वळला. “दॉन वाल्देमार, काय केलंत हे!”

वाल्देमारनं आपला उजवा हात पुढे धरला आणि दुसऱ्याचा असावा तसा त्याच्याकडे बघत राहिला. “नऊ वर्षं दर शनिवारी लिहितोय,” तो म्हणाला. “चारला ओलासो, पाचला मेंदिएता, सहाला तेचेरा. डोकं दुसरं सांगत होतं रे. हात आपल्या वाटेनं गेला. बंदरावरच्या घोड्यासारखा.”

लिबेर उठायला गेला. पहिल्या खेपेला उठवलं नाही. ओरोस्माननं एका काखेत हात घातला, मारिएलानं दुसऱ्या. सदऱ्याचं बटण उडून सॉसमध्ये पडलं.

“किती खाल्लंस?” ओरोस्माननं घाबरत विचारलं.

“तीन,” इल्दा म्हणाली, आणि तिचा हात आपसूक तोंडावर गेला.

समोर देपोर्तिवो मोलिनो होता आणि फारोला एक गुण हवा होता. बरोबरीही चालली असती. मोलिनोवाले पहिल्या मिनिटापासून ओरडत होते, “दिवा विझला! दिवा विझला!” दीपगृहवाल्यांना हे ऐकायची सवय होती. सवय नव्हती ती वाल्देमारच्या गप्प बसण्याची. गुडघे बरे होऊन तो साडेचारला आपल्या जागेवर येऊन बसला होता. तीन वर्षं ज्या माणसानं पाचव्या मिनिटाला ‘काढा त्या सहाला!’ ही आरोळी चुकवली नव्हती, तो तोंड मिटून बसला होता.

“घसा बसला काय?” शेजारच्यानं विचारलं.

“हो,” वाल्देमार म्हणाला.

लिबेरची एक खोड सगळ्या वस्तीला पाठ होती. चेंडू मिळाला की तो पुढे पळायचा आणि परत यायचं विसरायचा. मागे पडणाऱ्या भगदाडातून प्रतिस्पर्धी बैलगाडी नेत. आज ती खोड तीन ताटल्यांनी मोडली होती. लिबेर मध्यरेषेपर्यंतसुद्धा गेला नाही. आपल्या कोपऱ्यात तो कपाटासारखा उभा राहिला. मोलिनोचा चपळ उजवा गडी त्याला वळसा घालायला आला की वळसाच लांबत जायचा. अरिस्मेंदी बाजूच्या रेषेवरून ओरडत होता, “पुढे सरक, तेचेरा!” आणि लिबेर मान हलवून जागेवरच राहत होता. त्यानं शिस्त दाखवली असं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं.

ऐंशीव्या मिनिटाला त्याला कळ आली. खेळ दुसऱ्या टोकाला होता, म्हणून तो आपल्याच गोलात गेला, खांबाला धरून वाकला आणि श्वास घेऊ लागला. नेमका तेव्हाच चेंडू मोलिनोनं हिसकावला. दोन पासात ते या टोकाला. गोली पुढे धावला आणि आडवा पडला, बारा पावलांवरून सणसणीत फटका, गोल मोकळा. अख्खं मैदान उठलं. लिबेरनं काय चाललंय म्हणून मान वर केली, सरळ झाला, आणि चेंडू त्याच्या पोटात बसला. गादीवर उशी आपटावी तसा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. चेंडू उडून मैदानाबाहेर, आणि लिबेर गोलरेषेवर दोन पाय पसरून बसलेला.

“सासूबाईंना सांगा,” त्याला उचलायला आलेल्या सोबत्याला तो म्हणाला, “मीठ बरोबर होतं.”

शून्य–शून्य. फारो पहिल्या विभागात राहिला.

लोकांनी लिबेरला खांद्यावर घ्यायचं ठरवलं, दोनदा प्रयत्न केला आणि चालत नेलं. अरिस्मेंदीनं रेडिओला सांगितलं, की अनुभवी खेळाडू खेळवण्याचा डाव त्यानं मुद्दाम लपवून ठेवला होता. आठवड्याभरात रंगाऱ्यानं आठवी वीट भरली. वाल्देमार खाली उभा राहून सगळा वेळ त्याला ‘ते अक्षर तिरकं जातंय’ म्हणून सांगत होता.

मग ओरोस्मान आला. त्याला बसवेना. टोपी हातात फिरवत म्हणाला, “दॉन वाल्देमार, वाईट वाटून घेऊ नका. या वेळी निभावलं. पण वयानं हात चुकायला लागला की... कमिटीनं ठरवलंय, पुढच्या मोसमापासून याद्या खजिनदाराची भाची टाइप करेल.”

“बरोबर आहे,” वाल्देमार म्हणाला. “हाताचा भरवसा नाही राहिला.” आणि त्यानं उरलेले कोरे फॉर्म आणि शाईची बाटली आणून दिली. बाटलीचं झाकण घट्ट बसलंय का, तेवढं दोनदा बघितलं.

डिसेंबरची एकोणतीस आली. इल्दा धुतलेला टेबलक्लॉथ शोधत होती आणि चुकून नवऱ्याचा खण उघडला. तळाशी, जुन्या वर्तमानपत्राखाली, एक भरलेली यादी होती. तीन प्रती. त्याच शनिवारची तारीख. सहा नंबर, कासेरेस. सुबक, टपोरं, एक डाग नाही, कुठं खाडाखोड नाही. हात मुळीच चुकला नव्हता. एकदा बरोबर लिहून, वाळवून, बाजूला ठेवून, त्या माणसानं पुन्हा तिन्ही प्रती लिहायला घेतल्या होत्या.

इल्दा खुर्चीवर बसली. तिला त्या दिवशीचं टेबल आठवलं. पुरे कर आता. एक बस होते. म्हातारे, किती वाढशील.

जेवायला सगळे बसले. मारिएला अजून बापाशी मोजकंच बोलत होती. लिबेर, आता माजी खेळाडू, ताटलीखालचं नाणं बघत होता. वाल्देमारनं आपली ताटली उचलली, तर खाली नाण्याऐवजी चार घड्या घातलेला कागद. त्यानं एक कोपरा उलगडला, मिटला, आणि इल्दाकडे बघितलं.

“काय आहे ते, पप्पा?” मारिएलानं विचारलं.

“काही नाही,” इल्दा म्हणाली. “जुनी उधारी आहे. जेवा आता, गार होतायत.”

तेव्हा शेवटचा हिशेब असा. क्लबला एक गुण मिळाला, लिबेरला एक वीट, अरिस्मेंदीला शहाणपण आणि खजिनदाराच्या भाचीला काम. कासेरेसचा एक रविवार बुडाला, तो त्यानं मार्चमध्ये भरून काढला. बाकी सगळं बिल एका म्हाताऱ्यानं आपल्या अक्षराच्या अब्रूतून भरलं, आणि पावतीही मागितली नाही.

इल्दानं त्याला दुसऱ्यांदा वाढलं. मग, तो नको नको म्हणत असताना, तिसऱ्यांदा.