झडपेतला जावई

वस्तूतला दोष काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही. कपाटांच्या कारखान्यात मी तपासनीस आहे. दिवसभर खण ओढायचे, बिजागऱ्या हलवायच्या आणि नाक मुरडायचं, हाच माझा धंदा! त्यामुळे सासऱ्यांनी निवृत्तीनंतर शिडाची छोटी नाव घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा ती तपासायला मलाच बोलावलं. आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेली, किनाऱ्याकिनाऱ्याने महिनाभर भटकता येईल अशी नाव.

आदल्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. हलत्या कपाटात संसार मांडायचं आपलं वय राहिलेलं नाही, तेव्हा नाव नापास झालीच पाहिजे, असं त्यांनी बजावलं. मी म्हटलं, "आई, निश्चिंत राहा. पाच मिनिटांत निकाल लावतो."

नावेत पाय ठेवला आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ती सारखी डुलत होती आणि तिच्याबरोबर माझी सकाळची न्याहारी. सासरे बोहल्यावर चढल्यासारखे लाजत आत शिरले. मागोमाग सासूबाई, आणि नाव दाखवणारा दलाल.

मी पहिला खण ओढला. हलेना. "अडकतोय," असं समाधानाने जाहीर केलं. दलालाने तो जरा वर उचलून अलगद ओढला. नाव कलल्यावर खण आपोआप उघडू नये, म्हणून मुद्दाम तशी खाच ठेवतात म्हणे. टेबलाच्या कडेची उंच पट्टी हाताला टोचते, असं मी म्हणालो. ती नसती तर ताटं मांडीत आली असती, असं त्याने सांगितलं. शेगडी तर चक्क लोंबकळत होती! आता सापडलीस, असं मी मनात म्हणतोय तोवर त्याने तिच्यावर काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलं आणि सासऱ्यांना वर जाऊन एका बाजूला उभं राहायला सांगितलं. नाव कलली. मी कललो. पातेलं मात्र शेगडीसकट सरळच्या सरळ राहिलं, थेंबही सांडला नाही.

सासूबाई त्या पातेल्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी स्वतः तो खण दोनदा उघडून बंद केला. बाई फितूर होत होत्या.

शेवटची आशा म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाला, बिछान्याच्या वर छतात असलेली झडप, संकटात बाहेर पडायची वाट. यातून माणूस जाणं शक्य नाही, असं मी ठणकावलं. "नावेचे मालक तुमच्याहून जाड आहेत आणि रोज तिथूनच वर जातात," दलाल नम्रपणे म्हणाला. ते 'तुमच्याहून' मला झोंबलं. बिछान्यावर चढलो, हात वर केले आणि घुसलो.

डोकं गेलं. खांदे गेले. पोट राहिलं.

वरून सासऱ्यांनी आणि दलालाने हात ओढले, खालून सासूबाईंनी पाय. भांडी घासायचा साबण झाला, तेल झालं. शेजारच्या नावांवरची मंडळी हातात कप घेऊन बघायला आली. एक पक्षी माझ्यासमोर बसला आणि माझी तपासणी करून, पसंत न पडल्यासारखा उडून गेला.

चौकट कापावी लागेल, असं दलालाचं मत पडलं. त्याने मालकाला फोन लावला. आपल्या नावेच्या लाकडाला करवत लावायची नाही, फारच घाई असेल तर जावई कापा, असं मालकाने कळवलं.

तेवढ्यात खालून सासूबाईंचा शांत आवाज आला.

"नाव आमची झाली, तर कापता येईल ना?"

वाक्य संपायच्या आत सासऱ्यांनी माझ्या टकलावरून हात लांब करून दलालाचा हात धरला. व्यवहार अक्षरशः माझ्या डोक्यावर झाला.

मग करवत आली. तिचे दात माझ्या बरगड्यांपासून वीतभर अंतरावर चमकले मात्र, माझं पोट कुठे गेलं कोण जाणे, मी सुळकन खाली निसटलो आणि बिछान्यावरून घरंगळत थेट सासूबाईंच्या पायाशी येऊन पडलो.

त्यांनी वर अखंड चौकटीकडे पाहिलं, खाली माझ्याकडे पाहिलं.

"हे आधी जमलं नसतं का?"