हरकतरावांनी हात वर केला नाही

"पण कारण काय?" हरकतरावांनी स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं.

"मेमरी भरली की, सर, जी पानं बराच वेळ कुणी वापरलेली नाहीत ती सरळ काढून घ्यायची. जागा मोकळी होते," नवी इंजिनियर म्हणाली. त्या आठवड्यात हे वाक्य ती इतक्यांदा म्हणाली होती, की आता ते तिला झोपेतही म्हणता आलं असतं.

"आणि ज्या प्रोग्रॅमची पानं, त्याला विचारायचं नाही?"

"विचारत बसलं तर मशीन रेंगाळतं, सर."

हरकतरावांचं खरं नाव ऑफिसात कुणाला आठवत नसे. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल, आणि त्यातला मेमरीचा कारभार, म्हणजे प्रोग्रॅमना तिचे तुकडे, अर्थात पानं, वाटून देणं, यांच्याकडे होतं. यांच्या मंजुरीशिवाय तिथे स्वल्पविरामसुद्धा शिरत नसे. मंजुरी मागितली की ते गप्प बसत आणि बऱ्याच वेळाने त्या शांततेतून एक हरकत बाहेर पडे. नव्या आवृत्तीत बदल घेणं आज संध्याकाळी बंद व्हायचं होतं. तिच्यात हा बदल गेला नाही, तर इंजिनियरची नोकरी कायम होणार नव्हती. हरकतरावांना याचं मनापासून वाईट वाटत होतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि मंजुरी वेगळी.

"माझ्या जुन्या मशीनवर चालवून दाखव," ते अखेर म्हणाले. "इतकी कमी मेमरी आता कुठे बघायला मिळत नाही. तिथे तगलं तर कुठेही तगेल. घरी कपाटात आहे."

त्यांनी बायकोला फोन लावला. बायको दातांची डॉक्टर. मागे कुणीतरी कण्हत होतं.

"ते खोकं ना? ते मी दवाखान्यात आणलंय."

"अगं, न विचारता?"

"विचारलं की! तुम्ही कोड वाचत होता. म्हटलं, घेऊन जाते, नको असेल तर हात वर करा. नाही केलात."

"मला ऐकूच आलं नाही!"

"अहो, माझ्या खुर्चीतल्या माणसालाही बोलता येत नाही. तो करतो हात वर."

हरकतराव आणि इंजिनियर तातडीने दवाखान्यात गेले. मागच्या खोलीत कवळ्या बनवणारे टेक्निशियन बसले होते आणि शेजारी ते मशीन चालू होतं. त्याच्या डोक्यावर प्लास्टरचे दोन जबडे ठेवले होते.

"हात लावायचा नाही," टेक्निशियन गंभीरपणे म्हणाले. "हे वरून छान तापतं. साचे वाळताहेत. बाहेर बसलेल्या आजोबांचं उद्या भाषण आहे."

"आम्ही मेमरी गच्च भरणार आहोत," इंजिनियर अजिजीने म्हणाली. "आणखी तापेल."

ही गोष्ट टेक्निशियनना पटली. नवा कर्नल चढवला, मेमरी भरली, जबडे उबदार झाले. आणि स्क्रीन गोठला. कामाची वाट बघत निमूट झोपलेला एक प्रोग्रॅम जागा झाला होता आणि त्याची पानं जागेवर नव्हती. त्याने जाताना सगळ्यांनाच बरोबर नेलं. पंखा बंद पडला.

"डॉक्टर, थंड पडलं," टेक्निशियननी दारातून अशा आवाजात सांगितलं, की बाहेरचे दोन पेशंट उठून उभे राहिले.

डॉक्टर हातमोज्यांसकट आत आल्या.

"तो झोपला होता, मॅडम," इंजिनियर म्हणाली. "मला वाटलं, त्याला नकोयत."

"मग काढायच्या आधी सांगायचं, काढतेय म्हणून. जरा थांबायचं. हात वर केला तर सोडून द्यायचं, नाही केला तर काढायचं. मी दिवसभर दुसरं काय करते?"

इंजिनियर खुर्ची ओढून कामाला लागली. पानावर आधी खूण करायची, जरा थांबायचं, तेवढ्यात कुणी त्याला हात लावला तर ते सोडून द्यायचं. बदल मोजक्या ओळींचा होता. पुन्हा मेमरी भरली. या वेळी मशीन थांबलं नाही. उलट इतकं तापलं, की टेक्निशियननी घाईघाईने साचे उचलले.

"तडकतील! धरा हे. वरचा जबडा, खालचा जबडा. ओलसर आहेत, कुठे टेकवू नका."

हरकतरावांनी दोन्ही हातांत एकेक जबडा घेतला.

"सर, चाललं! पाठवू?" इंजिनियरने विचारलं.

हरकतराव गप्प बसले. ही शांतता तिच्या चांगल्या ओळखीची होती. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"सर, हरकत असेल तर हात वर करा."

हरकतरावांचा उजवा खांदा किंचित हलला.

"हलवू नका!" टेक्निशियन ओरडले.

कोडमध्ये जेवढं थांबायचं ठरवलं होतं तेवढी ती प्रामाणिकपणे थांबली. मग तिने बटण दाबलं.

"एक हरकत होती," बऱ्याच वेळाने हरकतराव म्हणाले.

"कुठली, सर?"

"होती. आता सापडत नाही." त्यांनी जबड्यांकडे पाहिलं. "काम मात्र चांगलं केलंस."

इंजिनियरने तोंड वळवून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरकतराव घरी कोड वाचत बसले होते. बायको आतून काहीतरी म्हणाली. काय ते त्यांना ऐकू आलं नाही, पण आता ते शहाणे झाले होते. स्क्रीनवरची नजर न हलवता त्यांनी झटकन हात वर केला.

त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.